छताचं कापड सुटतं तेव्हा

जुन्या गाडीच्या छताचं कापड लोंबायला लागलं की दोष गोंदाला दिला जातो. गोंद सुटला, परत लावून टाका, असं मालक म्हणतो आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिकही त्याला मान डोलावतो. मग कोणी टाचण्या टोचतो, कोणी स्टेपलर मारतो, कोणी इंजेक्शनच्या सुईनं कापडातून गोंद आत सोडतो. चार दिवस बरं दिसतं. पहिल्या कडक उन्हात कापड पुन्हा फुगतं, आणि आता त्यावर गोंदाचे पिवळे डागही पडलेले असतात. हे सगळे उपाय फसतात, कारण निदानच चुकलेलं असतं. गोंद बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. मेलेला असतो तो कापडामागचा फोम.

खात्री करून घ्यायची असेल तर छताच्या दिव्याजवळ किंवा मागच्या काचेच्या वर, जिथे कापड सुटलंय तिथे कडेतून बोट आत घाला आणि कापडाच्या मागच्या बाजूवर फिरवून बाहेर काढा. बोटाला पिवळट-तपकिरी भुकटी लागली किंवा चिकट गाळ लागला, तर या कापडाला आता कोणताही गोंद वाचवू शकत नाही. गोंद भुकटीला चिकटेल आणि भुकटी कशालाच चिकटलेली नाही.

हा फोम तिथे असतो कशाला, हे समजून घेतलं की पुढची सगळी दुरुस्ती सोपी वाटते. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक गाड्यांच्या छताखाली साच्यातून काढलेला एक मोठा, हलका बोर्ड असतो. तो कधी काचतंतू आणि रेझिनचा असतो, कधी दाबलेल्या तागाचा किंवा पुठ्ठ्याचा, कधी कडक फोमच्या थरांचा. या बोर्डावर साधारण ३ मिलिमीटर जाडीचा मऊ पॉलियुरेथेन फोम आणि त्यावर विणीचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर कापड असतं. फोम आणि कापड कारखान्यातच एकमेकांना जोडून येतात. फोमचा पट्टा गॅसच्या ज्योतीवरून नेतात, त्याचा पृष्ठभाग क्षणभर वितळून चिकट होतो आणि त्याच क्षणी कापड त्यावर दाबलं जातं. फोममुळे बोर्डाचा उंचसखलपणा झाकला जातो, हाताला मऊ लागतं आणि आवाज थोडा शोषला जातो. म्हणजे कापडाचा बोर्डाशी थेट संबंधच नाही. मधला फोम गेला की कापड निराधार होतं आणि लग्नाच्या मांडवाच्या छतासारखं खाली झुलायला लागतं.

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. त्याचा मऊ फोम १९५० च्या दशकात बाजारात आला आणि सोफा, गादी, गाडीची सीट, बूट अशा सगळीकडे पोचला. या पदार्थाच्या लांब रासायनिक साखळ्या असतात. फोमच्या दोन मुख्य जाती. एस्टर जातीच्या फोमच्या साखळ्या हवेतल्या ओलाव्यानं तुटतात, पाण्याचा रेणू नेमका त्या जोडावर घाव घालतो. ईथर जातीचा फोम ओलाव्याला बराच टिकतो, पण प्रकाश, उष्णता आणि ऑक्सिजन त्याला खातात. ज्योतीवर चिकटवायला एस्टर जात सोयीची, म्हणून गाड्यांच्या अस्तरात बराच काळ ती वापरली गेली. मुंबई-कोकणची दमट हवा आणि एप्रिल-मेचं ऊन एकत्र आल्यावर तिचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवलेले बूट एके दिवशी घालावेत आणि दहा पावलांत त्यांच्या तळव्यांचा चुरा व्हावा, हा अनुभव पुष्कळांना आहे. तिथेही हीच रसायनक्रिया घडलेली असते. वस्तू वापरली नाही म्हणून ती टिकत नाही.

गाडीत छताला सगळ्यात जास्त सोसावं लागतं. वरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. गडद रंगाची गाडी भर दुपारी उघड्यावर उभी असली तर तो पत्रा ७० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. रात्री तोच पत्रा गार होतो, हवेतला ओलावा त्याच्या आतल्या बाजूला धरतो. हे चक्र रोजचं. दहा-पंधरा वर्षं असं काढल्यावर फोमनं मान टाकली, तर त्यात मालकाचा हलगर्जीपणा शोधायचं कारण नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. गाडी ठेवायची की काढायची हा विचार लोक करतात, साधारण त्याच सुमारास छतही खाली येऊ लागतं. केवळ लोंबणाऱ्या कापडापायी चांगल्या इंजिनाची गाडी विकू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण आधी तुमच्या गाडीचं छत कोणत्या जातीचं आहे ते पाहा, कारण सगळ्याच गाड्यांत बोर्ड नसतो.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात छत पूर्ण पत्र्याचं नसायचंच. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर मधला भाग जलरोधक कापडानं मढवलेला असायचा. एवढा मोठा पत्रा एकसंध दाबून काढणारी यंत्रं आली तेव्हा जनरल मोटर्सनं १९३५ च्या मॉडेलांत अखंड पोलादी छत आणलं. पाणी गळायचं थांबलं, पण पत्रा ढोलासारखा घुमू लागला, तापू लागला. आतून कापड लावणं ही तेव्हापासून शोभेपेक्षा जास्त गरजेची गोष्ट झाली. त्या काळच्या पद्धतीत छताच्या आडव्या रुंदीत पोलादी सळ्यांच्या कमानी बसवायच्या, कापडाच्या मागच्या बाजूला नाडीच्या नेफ्यासारख्या पट्ट्या शिवायच्या, सळ्या त्यातून ओवायच्या आणि कापड चारी बाजूंनी ताणून कडांना चिकटवायचं. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, यांच्या काळातलं छत या घराण्यातलं. कापडाच्या जागी बहुधा रेक्झिन असायचं.

रेक्झिन मरतं तेही वेगळ्या तऱ्हेनं. त्यातलं पीव्हीसी मुळात कडक असतं आणि त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे मऊ राहतं. उन्हानं ते द्रव्य हळूहळू उडून जातं. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट तेलकट थर बसतो, त्यात याचा मोठा वाटा असतो. द्रव्य गेलं की रेक्झिन आकसतं, कडा सोडतं, शिवणीवर उसवतं, आणि शेवटी पापुद्र्यासारखं फाटतं. ते लोंबत नाही, ताणून तुटतं.

सळ्यांचं छत बदलणं हे शिवणकामाचं काम आहे आणि ते मुरलेल्या कारागिराकडेच द्यावं. प्रत्येक सळीची लांबी आणि बाक वेगळा असतो, म्हणून काढतानाच पुढून मागे क्रमांक टाकायचे. जुनं अस्तर फेकायचं नाही, तेच नव्याचा नमुना असतं. बऱ्याच गाड्यांत कडा काचेच्या रबराखाली गेलेल्या असतात, त्यामुळे पुढची-मागची काच उतरवावी लागते. कापड मध्यापासून ताणत, समोरासमोरच्या कडा आळीपाळीनं धरत न्यायचं, आणि उरलेल्या सुरकुत्या गरम हवेनं काढायच्या. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी या छताला जे रूप दिलं, ते मला फार प्रिय आहे. फुलाफुलांची, चकाकती, भडक रेक्झिनं. २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण डिझायनरांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या छतांसाठी आणि सीटांसाठी खास कापडं रेखाटली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. पद्मिनी आज जपणाऱ्यांनी ते रंगीत छत काढून सपाट करड्या रंगाचं बसवू नये, अशी विनंती करावीशी वाटते.

आता बोर्डाच्या छताकडे वळू, कारण बहुतेक वाचकांचा प्रश्न तोच आहे.

बोर्ड गाडीतून बाहेर काढल्याशिवाय हे काम होत नाही. आत बसून, डोक्यावर हात धरून कापड चिकटवलं तर ते कधीच सपाट बसत नाही. आधी बॅटरीचं ऋण टोक सोडवा. दारांच्या वरच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल, तर खांबांवर तिचं चिन्ह दिसतं. तसं असेल तर हे काम घरी करूच नका. साध्या जुन्या गाडीत सन व्हायझर, हातानं धरायची हॅण्डलं, दिवा, कोट अडकवायचे हूक, खांबांवरची प्लॅस्टिकची झाकणं, पट्ट्याचा वरचा बोल्ट आणि दारांभोवतीची रबरी बीडिंग एवढं उतरवायचं. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोनवर फोटो घ्या. प्लॅस्टिकच्या क्लिपा जुन्या झाल्या की ठिसूळ होतात, थंडीत तर हमखास तुटतात. गाडी तासभर उन्हात ठेवून मग हात घातला तर त्या थोड्या लवतात. तरी चार-सहा तुटणारच, तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून आधीच जादा आणून ठेवाव्यात.

बोर्ड उतरवायला दोन माणसं हवीत. पुढच्या सीटा पूर्ण आडव्या पाडायच्या, डोक्याच्या उशा काढायच्या. हॅचबॅक असेल तर मागच्या दारातून बोर्ड सरळ निघतो. सेडानमध्ये पुढच्या डाव्या दारातून तिरका करून काढावा लागतो आणि तो मोडायचा धोका तिथेच असतो. जुना बोर्ड वाकवला की मधोमध घडी पडते, आणि ती घडी नव्या कापडाखालूनही दिसत राहते. कुठे चीर गेलीच तर मागच्या बाजूनं काचतंतूची पट्टी रेझिननं बसवून ती आधी वाळू द्यावी.

बोर्ड बाहेर आला की छताचा उघडा पत्रा समोर असतो. एवढी संधी पुन्हा मिळणार नाही. बोर्डाच्या मागे तपकिरी कड असलेला गोल डाग दिसला तर पाणी कुठून तरी येतंय. छताच्या दोन्ही बाजूंच्या पन्हाळीतला भेगाळलेला सीलंट, अँटेनाचं भोक, कॅरिअरचे बोल्ट, एकदा बदललेली पुढची काच, या नेहमीच्या जागा. एकानं बाहेरून नळीनं पाणी सोडावं, खालून सुरुवात करून सावकाश वर जावं. दुसऱ्यानं आत बॅटरी घेऊन पत्रा न्याहाळावा. थेंब दिसला तिथेच थांबावं. सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या धूळ आणि पानांनी तुंबतात. जाड मासेमारीची दोरी हळूच सारून त्या मोकळ्या करायच्या. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर नळी आत निसटते आणि मग पाणी थेट अस्तरावर येतं. गंज घासून प्रायमर लावून मगच पुढे जायचं. गळती तशीच ठेवून नवं कापड बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

त्यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे, आणि काम टिकणार की नाही हे तिथेच ठरतं. जुनं कापड एका कोपऱ्यातून धरून ओढलं की सहज सुटतं. मागे राहतो तो केशरी-तपकिरी थर, कुठे कोरडा, कुठे गुळासारखा चिकट. नायलॉनचा ताठ ब्रश घेऊन, बोर्ड उघड्यावर आडवा ठेवून, एका बाजूनं घासत जायचं. भुकटी ढगासारखी उठते, केसांत, भुवयांत, बाह्यांत जाऊन बसते. मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय सुरुवात करायची नाही, खाली काचतंतूचा बोर्ड असेल तर मुळीच नाही. तारेचा ब्रश बोर्डाचे तंतू उखडतो, तो टाळायचा. दिव्याच्या खळग्यात आणि व्हायझरच्या कोनाड्यांत ब्रश पोचत नाही, तिथे बोटांनी खरवडायचं. घासून झालं असं वाटलं की तळहात फिरवून पाहा. हाताला पूड लागते तोवर काम संपलेलं नाही. घाईतला कारागीर नेमका इथे हात आखडता घेतो आणि सहा महिन्यांत नवं कापड त्याच जुन्या भुकटीसकट खाली येतं.

कापड घेताना दोन गोष्टी पाहा. एक, ते मागे फोम असलेलं, गाडीच्या छतासाठीचंच, विणीचं असावं. विणीचं कापड ताणलं जातं, म्हणून खळग्यात उतरतं. सोफ्याचं मखमली कापड दिसायला भारदस्त, पण ते ताणलं जात नाही आणि स्वतःच्याच वजनानं सुटतं. जाड फोमच्या मोहातही पडू नये, बोर्ड मग क्लिपांत बसत नाही. दुसरी गोष्ट आगीची. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७२ पासून लागू झालेल्या ३०२ क्रमांकाच्या नियमानुसार गाडीच्या आतल्या कापडावरून ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगानं पसरता कामा नये. आपल्याकडेही याच विषयावर आयएस १५०६१ हे मानक आहे. घरगुती कापडाची अशी चाचणी झालेली असेलच असं नाही, आणि छत तर प्रवाशांच्या थेट डोक्यावर असतं. पन्ह्याचं म्हणाल तर दीड मीटर रुंदीचं कापड लहान हॅचबॅकला दोन मीटर, सेडानला अडीच मीटर पुरतं. रंग शक्यतो मूळचाच, फिकट ठेवावा. काळ्या छताखाली लहान गाडी आणखी लहान वाटते.

गोंद म्हणजे सुताराचा पांढरा फेव्हिकॉल नव्हे. तो उष्णतेनं मऊ पडतो. इथे उष्णता सोसणारा, रबरावर आधारलेला कॉन्टॅक्ट गोंद लागतो, जो दोन्ही पृष्ठभागांवर लावून, हवेत सुकवून मग जोडतात. तो स्प्रे गननं पातळ आणि एकसारखा मारलेला सर्वांत बरा. ब्रशनं लावल्यास जाड रेघा राहतात, त्या कापडातून उमटतात. त्याच्या वाफा पेट घेतात आणि डोकंही धरतं, म्हणून काम उघड्यावर, आसपास विडी-काडी किंवा शेगडी नसताना. पावसाळ्यात हे काम काढू नये. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि जोड कच्चा राहतो. कोकणात आणि मुंबईत डिसेंबर ते मार्च हा उत्तम काळ.

कापड बोर्डावर पसरून मधोमध बसवायचं, अर्धं मागे दुमडायचं, दोन्ही अर्ध्यांवर गोंद मारायचा. बोट टेकवलं तर चिकट लागावं पण बोटाला काही येऊ नये, इतकं सुकलं की मधल्या रेषेपासून बाहेर तळहातानं दाबत जायचं. खळगा आला की थांबायचं. हात आधी खळग्याच्या तळाशी, मग त्याच्या भिंतींवर, मग वरच्या कडेवर. कापड खळग्यावरून ताणून पुढे नेलं तर आज सपाट दिसतं आणि वैशाखात तिथेच पहिला फुगा येतो. जोराची गरज नाही, उलट फार दाबलं तर फोम चपटा होऊन बोटांचे ठसे कायमचे राहतात. अर्धं झालं की दुसरं अर्धं तसंच. कडांना दोन इंच कापड राखून मागे वळवून चिकटवायचं. दिव्याचं आणि हॅण्डलांचं भोक सरळ कापून टाकायचं नाही. मध्यातून फुलीसारखा छेद देऊन पाकळ्या मागे दुमडायच्या. एक दिवस वाळू द्यायचं आणि मग उलट क्रमानं सगळं जागेवर. बीडिंग शेवटी, कारण तीच कडा धरून ठेवते.

हे सगळं स्वतः करायची इच्छा नसेल, आणि पुष्कळांना ती नसते, तर सीटकव्हरवाल्याकडे जा. मात्र गाडी सोडण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा: बोर्ड बाहेर काढणार का, जुना फोम बोर्डापर्यंत घासणार का, आणि गोंद कोणता वापरणार. पहिल्या प्रश्नाला “गरज नाही साहेब, आतल्या आत करून देतो” असं उत्तर आलं, तर पुढचे दोन न विचारता गाडी दुसरीकडे न्या.